बोरीच्या पूर्वेला

रविवारी सकाळी सव्वासात वाजता सकीनाने चहाचा कप ओठाला न लावता परत केला आणि मुलाला सांगितलं, "माझी जागा बघून ये."

अमीर आतार तेव्हा गॅलरीत उभा राहून पुणे रस्त्यावरची वाहनं बघत होता. नगरच्या केडगावात ह्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्यापासून आईने कधी कसली जागा मागितली नव्हती. झोपायला खिडकीजवळ हवं की भिंतीजवळ, एवढंसुद्धा तिने कधी सांगितलं नव्हतं. जिथे गादी घातली तिथे ती झोपली. त्यामुळे त्याला आधी कळलंच नाही. "कुठली जागा, अम्मा?" "तुझ्या अब्बांच्या शेजारची," ती म्हणाली, आणि मग भिंतीकडे तोंड करून, "कुणी घेतली तर न्हाई ना, तेवढं बघ." आलियाने, अमीरच्या बायकोने, कप उचलला आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता नवऱ्याकडे पाहिलं. आठवडाभर हेच चाललं होतं. हृदय थकलंय, दवाखान्यात ठेवून आता उपयोग नाही, घरी न्या आणि त्यांना हवं ते द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि म्हातारीला काहीच हवं नव्हतं. आता एक हवंसं निघालं, ते हे.

गाडी चांदबीबी महालाच्या डोंगराखालून पुढे निघाली तेव्हा त्याच्या डोक्यात आईचं पहिलं वाक्य नव्हतं, दुसरं होतं. कुणी घेतली तर नाही ना. कबरस्तानात जागा कोण घेतं? बांधावरची घेतात, रस्त्यावरची घेतात, ओढ्यात भर टाकून ओढ्याची घेतात. अमीरने भूमी अभिलेख खात्यात उभी नोकरी मोजणीत काढली होती. संगमनेरला, अकोले तालुक्यात, श्रीगोंद्याला. सख्खे भाऊ रात्रीतून हद्दीचा दगड हातभर सरकवून सकाळी त्याच दगडावर बसून दात घासतात, हे त्याने पाहिलं होतं. दगड सरकवणारा माणूस दगडाकडे कधी बघत नाही, आभाळाकडे बघतो, पावसाचं बोलतो, साहेबांना चहा पाजतो, हेही त्याला पाठ होतं. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान कुठे ठेवावं ते त्याला समजेना. भाजीवाल्याच्या काट्याकडे, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे, जावयाच्या गोड बोलण्याकडे तो त्याच नजरेने बघायचा. आलिया म्हणायची, तुम्ही घरातसुद्धा पंचनामा करता. पण आईबद्दल त्याला कधी संशय आला नव्हता. आणि आज, करंजीच्या घाटाचं पहिलं वळण घेताना, त्याला वाटून गेलं की अम्माने हे नुसतं विचारलं नाही. तिला काहीतरी ठाऊक आहे, आणि ते आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यायला तिने आपल्याला पाठवलंय.

तिने स्वतः ती कबर कधीच पाहिलेली नव्हती. बायका कबरस्तानात जात नाहीत. निदान त्यांच्या गावात, बोरमाळात, जात नसत. जनाजा घरातून निघाला की बाई उंबऱ्याशी थांबते, आणि नवरा कुठे ठेवला हे तिला पुरुष माणूस सांगेल तेवढंच कळतं. अब्बा, म्हणजे बाबाजान आतार, वीस वर्षांपूर्वी गेले त्या मे महिन्यात अमीर घरी परतला तेव्हा सकीनाने एवढंच विचारलं होतं, "कुठं?" तो म्हणाला होता, बोरीच्या पूर्वेला. "शेजारी?" शेजारी एकाची जागा ठेवलीय, भावकीला सांगून ठेवलंय. असं सांगून ठेवणं हीच तिथली रीत. त्याला कागद नसतो, शिक्का नसतो. चार पुरुषांनी ऐकलं की झालं. त्यानंतर दर वर्षी पावसाळा उलटला की तो एकटा जायचा, नगरहून सब्जाची जुडी आणि पाण्याचा कॅन घेऊन. सब्जा कबरीवर ठेवायचा, पाणी शिंपडायचं, फातेहा वाचायचा, परत. पाणी जमिनीवर पडलं की माती ते असं पिऊन टाकायची की कॅन रिकामा झाल्याची खूणसुद्धा राहत नसे. मातीच कसली, मुरूम. पाथर्डीच्या पुढे त्या अंगाला सगळं तसंच. अकोल्याला असताना त्याच्या हाताखालचा सूर्यभान, भातखाचरांत वाढलेला गडी, त्याला हसायचा. "आतारसाहेब, तुमच्याकडं मानूस मेल्यावर पानी पाजत्यात व्हय? जित्तेपनी न्हाई मिळत म्हनून?" त्या भागाला सूर्यभान सरळ वाळवंटच म्हणायचा, आणि अमीरलाही हळूहळू तोच शब्द तोंडात बसला. वाळवंटात जाऊन येतो, असं तो दर वर्षी आलियाला सांगायचा. यंदा पावसाने मे महिन्यातच सुरुवात केली आणि दसरा झाला तरी तो हटला नव्हता. सूर्यभानचा फोन आला होता: "साहेब, तुमच्या वाळवंटात होडी चालवायची पाळी आली म्हनं!" आणि अम्मा रोज संध्याकाळी, मगरिबची नमाज झाली की, विचारायची, "तिकडं किती झाला?" त्याला वाटायचं, गावाची ओढ. तो मोबाईलवर बघून सांगायचा. ती मान हलवायची.

घाट उतरल्यावर त्याने गाडीचा वेग आपोआप कमी केला. रस्ता चुकलाय असं त्याला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा पाटीने त्याला खोटं पाडलं. ओळखीच्या टेकड्या होत्या, पण त्यांच्या फासळ्या दिसत नव्हत्या. ओढ्यांवरच्या ज्या पुलांना तो आजवर सरकारी उधळपट्टी समजत आला होता, त्यांच्याखालून लाल पाणी वाहत होतं. तरवड पिवळाधमक फुलला होता, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे बांधाबांधावर, आणि माळावर जिथे बघावं तिथे गवत, वाऱ्याबरोबर एकदम झुकणारं आणि एकदम उठणारं. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. अमीरला बरं वाटेना. उघड्या माळावर माणूस काही लपवू शकत नाही. दगड, काटा, साप, कबर, जे आहे ते आहे. ही हिरवळ त्याला सारवासारव वाटली. अपघातानंतर कुणीतरी घाईने सतरंजी अंथरावी तशी.

गाडी वेशीपाशी लावून तो कबरस्तानाकडे चालत गेला आणि बांधावर थांबला. तो ज्या रानातून दर वर्षी सरळ चालत जाऊन एका काळ्या दगडापाशी थांबायचा, ते रानच नव्हतं. कमरेइतकं गवत या टोकापासून त्या टोकापर्यंत. दगड एकही दिसत नव्हता. मधोमध बोरीचं झाड, तेही पानांनी एवढं गच्च की त्याचा खालचा आकार बदलला होता. "आरं, कोन उभंय? अमीर का?" पलीकडून हाक आली. बांधाच्या कडेला रंगुबाई विळा घेऊन बसली होती. तिच्या म्हशीचा भारा बांधायचा चालला होता. तिचं घर आणि आतारांचं घर एका भिंतीचं. "व्हय, मावशी." "नगरला जाऊन प्वाट लई सुटलं की रं तुझं. आलिया कामाला लावती का न्हाई?" "तुम्ही अजून इथंच? ऊसतोडीला कारखान्यावर गेला नाहीत?" "कशाला जायचं? घरची बाजरी हाय यंदा. आमचा कल्याण म्हनला, आई, औंदा कोयता धरायचा न्हाई. ह्या टायमाला गावात कुत्रं ऱ्हात न्हाई, आन् बघ, सगळी पोरं पारावर बसून पत्ते कुटत्यात. पावसानं बिघडवली समदी." ती हसली आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "सकीनाबी कशी हाय?" अमीरने सांगितलं. तिने विळा खाली ठेवला. "तिला म्हनावं, रंगी इचारत हुती." आणि विळा परत हातात घेऊन, "जागा बघाया आलास?" अमीरने तिच्याकडे नीट पाहिलं. जागेचं तो काही बोलला नव्हता.

तो गवतात शिरला. कुसळं पँटला टोचून बसायला लागली, पायाखालून चतुर उडाले. बोरीच्या पूर्वेला चालत राहिला तर दगड लागणारच, एवढं त्याला माहीत होतं, आणि दगड लागला. काळा, एका बाजूला खपली निघालेला, त्याच्या ओळखीचा. त्याने पिशवीतून सब्जा काढला, हात उचलले आणि फातेहा सुरू केला. पण ओठ चालत असताना डोळे चालू होते, आणि डोळ्यांना काहीतरी खटकत होतं. दगडाभोवतीचं गवत घोट्याइतकंच होतं. विरळ, पिवळट, मुरमावर उगवतं तसं. दोन पुरुषांच्या अंतरावर, बोरीच्या जवळ, गवताचा एक पट्टा छातीला लागेल एवढा उंच आणि काळपट हिरवा होता. पट्टा लांबट होता. उत्तर-दक्षिण, कबर खणतात तसा.

त्याने वाचणं पुरं केलं. हात तोंडावरून फिरवले. त्याला अम्माचं एक बोलणं आठवलं, कधीतरी लहानपणी, बाजरी निवडताना सांगितलेलं. ती लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी असाच पाऊस झाला होता. तेव्हा ती सासूबरोबर ह्याच बांधावर शेळ्या घेऊन उभी राहायची. आत जायचं नाही, पण बघायला कोण अडवतं? "लांबनं मुडदं मोजता यायचं," ती म्हणाली होती. "जिथं खनलंय तिथं गवत वाढतं. दगूड न्हाई लागत." तो तेव्हा घाबरून तिच्या पदराआड गेला होता, आणि ती हसली होती. पुढे खात्यात आल्यावर तेच त्याने दुसऱ्या शब्दांत ऐकलं: खणलेली माती भुसभुशीत राहते, पाणी धरते, वर काही दिसलं नाही तरी पीक सांगतं. पण इथे पीक कधी बोलायला उगवलंच नव्हतं. वीस वर्षं सगळं सारखंच उघडं, सारखंच करडं, आणि तो त्या करड्यात फक्त एका दगडावर विश्वास ठेवून येत होता. दुसऱ्यांच्या रानात त्याने कधी दगडावर विश्वास ठेवला नव्हता. झाडापासून, विहिरीपासून, गावठाणाच्या कोपऱ्यापासून अंतर घेतल्याशिवाय सही केली नव्हती. बापाच्या कबरीचं अंतर त्याने कशापासूनच घेतलेलं नव्हतं. माणूस बापाला टेप लावत नाही.

तो बोरीकडे सरकला आणि आणखी एक गोष्ट दिसली. उंच गवताचा पट्टा एक नव्हता. त्याला लागून, मध्ये हातभर सोडून, दुसरा होता. दोन्ही एकाच लांबीचे, एकाच दिशेचे, शेजारी शेजारी. त्याने मान वळवून लिंबाकडे पाहिलं. कबरस्तानाच्या कोपऱ्यात तो लिंब होता, आणि त्याच्या बुंध्याशी हुसेनबीचा दगड. हुसेनबी म्हणजे त्याची चाची, अब्बांच्या धाकट्या भावाची बायको, रमीजची आई. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, तेव्हा अमीर केडगावच्या घरात कोंडलेला होता; इकडे चार जणांनी तिला माती दिली. वर्षाने तो आला तेव्हा रमीजने बोट दाखवलं होतं: अम्मीला लिंबाखाली ठेवलंय, भाई, सावलीत. अमीरने तिथेही पाणी शिंपडलं होतं. आता लिंबाखाली दगड उभा होता, आणि दगडाभोवती घोट्याइतकं पिवळट गवत.

खणायला कठीण गेलं असेल, ही पहिली गोष्ट त्याच्या मनात आली, आणि ती त्याला जवळजवळ बरी वाटली. मे महिना, चार माणसं, तोंडाला फडकी, लिंबाखाली खडक. बोरीजवळ जरा माती आहे. अब्बांच्या वेळीसुद्धा त्याच कारणाने बोरीजवळ गेलो होतो, आणि तरी पहार मारून तळहाताला फोड आले होते. भ्यालेल्या माणसांनी मऊ जमीन शोधली, शेजारची राखलेली जागा घेतली, आणि मग तोंड कसं दाखवायचं म्हणून दोन दगड हलवले. हे समजण्यासारखं होतं. हे माफही करता आलं असतं. पण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली, आणि ती मनात आली अशी नाही, नाकात आली. वाळ्याच्या अत्तराचा वास. बाबाजान सायकलवरून बाजार करत. मिरी, तिसगाव, पाथर्डी. कॅरिअरला पत्र्याची पेटी, पेटीत कापसाचे बोळे, अत्तराच्या कुप्या, सुरमा, लग्नसराईत कुंकू आणि बुक्कासुद्धा. धाकटा भाऊ ऐन तिशीत गेला, रमीज मांडीवरचा होता; तेव्हापासून दोन घरं त्या एका पेटीवर चालली. संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की अमीर ओट्यावर येऊन उभा राहायचा. घंटी आधी खालच्या आळीत, चाचीच्या दाराशी वाजायची. मग बराच वेळ वाजायची नाही. मग वरच्या आळीत. मीठ-मिरची देऊन आले, अम्मा म्हणायची. ती स्वतः अत्तर लावायची नाही. तिचं डोकं दुखायचं. चाचीच्या घरात मात्र, कधीही जा, गोधडीला, पडद्याला, रमीजच्या टोपीला वाळ्याचा थंड वास असायचा, उन्हाळ्यात मडक्याजवळ असतो तसा. आठ-नऊ वर्षांच्या अमीरला तो वास आवडायचा. तो मुद्दाम खालच्या आळीत खेळायला जायचा. एकदा घरी आल्यावर अम्माने त्याला जवळ घेतलं, त्याच्या केसांचा वास घेतला, आणि न बोलता न्हाणीत नेऊन त्याचं डोकं धुतलं. उन्हाळ्यात, पाणी टँकरचं असताना.

एवढंच. ह्याच्यापुढे त्याच्याकडे काही नव्हतं. एवढ्या पुराव्यावर त्याने कुणाची हरकत नोंदवूनसुद्धा घेतली नसती. पण एकदा आलेला वास जाईना, आणि आता तो त्या दोन उंच पट्ट्यांपुढे उभा राहून स्वतःलाच विचारत होता, की हे घाईत झालं, की कुणाच्या तरी सांगण्यावरून झालं. चाचीने मरताना काही मागितलं होतं का? रमीजने आईचं ऐकलं का? आणि अम्माने, जी घंटी ऐकत ओट्याआड बसायची, जिने आयुष्यात कधी कसली जागा मागितली नाही, तिने शेवटची तेवढी एक का धरून ठेवली?

तो खाली बसला आणि आपल्या बापाचा म्हणून वीस वर्षं ओळखलेला दगड त्याने दोन्ही हातांनी हलवून पाहिला. मुरलेला दगड हलत नाही; हलला तर खाली त्याचा साचा असतो, गुळगुळीत, दगडाच्या आकाराचा. हा हलला. खाली ओली माती, एक गांडूळ, गवताची पांढरी मुळं. साचा होताही आणि नव्हताही. यंदाच्या पावसात कुठल्या दगडाखाली साचा राहिला असता?

"काय अमीरभाई, मोजनी लावली का काय?"

रमीज मागे उभा होता. हातात किटली आणि दोन ग्लास. पन्नाशीचा, उंच, बाबाजानसारखाच जरा पुढे झुकून चालणारा. हे आजच अमीरच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून त्याला राग आला. पुतण्या चुलत्यासारखा चालणारच. "रंगुमावशीनं सांगितलं तुमी आलाय. गाडी दारात लावायची सोडून येशीत लावली? घरी या, जेवन करून जावा." अमीर उठला, हाताची माती झाडली. "दगड हलतोय, रमीज." "हलनारच. आवो, श्रावनात गुडघाभर पानी हुतं हितं. वढा फुटला आन् सरळ कबरस्तानात घुसला. निम्मी दगडं आडवी झालती. मीच उभी केली येक-येक, अंदाजानं. कल्याण हुता संगं, इचारा त्याला." "अंदाजाने?" "मग? मी काय तुमच्यावानी सायेब हाय का, टेप लावून उभी करायला?" तो हसला आणि चहा ओतायला लागला. ओतताना त्याने आभाळाकडे पाहिलं. "आजूनबी येतोय का काय, काय भरोसा न्हाई. आमच्या जन्मात न्हाई बघितला असा पाऊस."

अमीरने ग्लास घेतला. चहा गोड होता, जास्तच. "हे गवत इथेच एवढं कसं वाढलं?" त्याने बोरीकडे बोट केलं. रमीजने पाहिलं. किती वेळ पाहिलं, हे अमीर नंतर पुष्कळदा आठवून बघणार होता. कधी त्याला ते क्षणभर वाटे, कधी फार. "बोरीखाली शेळ्या बसत्यात, भाई. लेंड्यांचं खत हाय ते." "आणि लिंबाखाली?" "लिंबाखाली कुठं काय येतं? सावली पडती, मुळ्या पानी वढत्यात." प्रत्येक उत्तर बरोबर होतं. हेच अमीरला आवडलं नाही. खरं बोलणाऱ्या माणसाची एखादी तरी गोष्ट जुळत नाही, असा त्याचा अनुभव होता. "अम्मा विचारत होती," तो म्हणाला, "तिची जागा आहे ना म्हणून." रमीजने किटली खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं, ह्याबद्दल अमीरला शंका घेता येईना. "मोठीअम्मासाठी मी सोता खनीन, भाई. मला तिनं भाकर खाऊ घातलीया. आमची अम्मी कामाला जायाची तवा मी तिच्याच पदराखाली झोपायचो. जागेचं काय इचारता? काकांच्या शेजारी हायच की." "कुठे? दाखव." रमीजने दाखवली. त्या काळ्या दगडाच्या शेजारची, घोट्याइतक्या गवताची, न खणलेली जमीन. "ही."

दोघं बांधापर्यंत आले. रंगुबाईने भारा डोक्यावर घ्यायला कल्याणला हाक मारली होती. तो यायचा होता. अमीर तिच्याजवळ थांबला. "मावशी, हुसेनचाचीला ठेवलं तेव्हा तुम्ही पाहिलं होतं?" रंगुबाईने एकदा रमीजकडे पाहिलं. "आमाला कुठं जवळ येऊ देत हुते तवा? ह्या बांधावर हुते मी. तोंडाला पदर. माझ्याकडं सूप घेऊन पाखडाया येनारी बाई, तिला निरोप न्हाई द्यायचा व्हय? रडले हितनंच." "कुठल्या बाजूला नेली?" "डोळ्यात पानी आसल्यावर काय दिसतंय, बाबा?" ती म्हणाली. "चहा पिलास का तू?"

आणि इथे अमीरने एक चूक केली. चूक म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं. मोजणीच्या आधी लगतच्या कब्जेदाराला नोटीस द्यायची, दिवस सांगायचा, समोर बोलवायचं, म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की आमच्या माघारी झालं. गाडीत बसता बसता, काच खाली करून, तो रमीजला म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. टेप आणतो. बोरीपासून, लिंबापासून अंतरं घेऊन ठेवू, म्हणजे पुन्हा पाण्याने दगड हलले तरी हरकत नाही. तू हजर राहा." "या की," रमीज म्हणाला. "हद्द कायम करायला आपल्याच मानसाला काय फी द्यायची?" दोघंही हसले. घाट चढताना अमीरच्या लक्षात आलं की आपण मोजायचं सांगितलं, पण गवताला हात लावू नको, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपण काय बघितलं ते त्याला कळलं असतं. नाही सांगितलं, तरी कळलंच असेल.

घरी आल्यावर सकीनाने लगेच विचारलं नाही. आलियाने गादीच्या कडेला बसवून तिचे केस विंचरले, नातीचा, मुबश्शिराचा, पुण्याहून फोन आला, तो तिच्या कानाला लावला. मग दिवा लावल्यावर ती म्हणाली, "बघितलीस?" "बघितली. आहे, अम्मा." "शेजारीच?" "शेजारीच." हे खोटं नव्हतं. दगडाच्या शेजारी होती. "गवत किती हाय?" तिने विचारलं. अमीर तिच्या पायाशी बसला होता. "कमरेइतकं." "समदीकडं सारखंच?" खाली रस्त्यावर एक ट्रक गिअर बदलत चढावर लागला आणि त्याचा आवाज संपेपर्यंत त्याला वेळ मिळाला. "सारखंच," तो म्हणाला. तिने डोळे मिटून घेतले. तिचा चेहरा सैल झाला की आवळला, ते त्याला त्या उजेडात ठरवता आलं नाही, आणि नंतर रात्रभर तो तेच ठरवत राहिला. तिला जाणून घ्यायचं होतं, की आपल्या मुलाला कळू नये एवढंच पाहायचं होतं? दोन्हीला प्रश्न तोच लागला असता.

गुरुवारी सकाळी, चहाच्या वेळेलाच, मोबाईल वाजला. रमीजने फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं: 'गवत काढलं सगळं. कल्याण आणि मी. दगडांना चुना मारला. मोठीअम्माची जागा साफ करून ठेवली आहे, काळजी नको.' कापलेल्या गवताचे खुंट सगळीकडे सारखेच, सारखेच पिवळे. मधोमध पांढरा दगड, आणि त्याच्या शेजारी झाडून काढलेली मोकळी जमीन. आणखी एक पांढरा दगड कडेला अर्धा दिसत होता. अमीरने बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, तेव्हा त्याचे नुसते चौकोन झाले. दगड होता तिथेच होता, की रमीजने न बोलता तो परत मूळ जागी नेऊन ठेवला होता? की तिसरीकडेच? "कुनाचं हाय?" सकीनाने विचारलं. "रमीजचा फोटो आहे." "गवत कापलं का त्यानं?" अमीरने अजून काही सांगितलेलं नव्हतं. "हो, कापलं." फोटो दाखव, असं ती म्हणाली नाही. मग तिने आलियाला हाक मारली आणि चहा आणायला सांगितला, आणि ती अर्धा कप प्याली, बशीत ओतून, फुंकर घालून, गावी प्यायची तशी.

फोटोत बोर आलेली नव्हती. लिंबही नव्हता. अमीरने रमीजला लिहिलं: बोर दिसेल असा अजून एक फोटो काढून पाठव. शुक्रवारी दुपारपर्यंत त्या ओळीपुढे दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या. उत्तर आलेलं नव्हतं. टेप गाडीत ठेवलेला होता. सकीना झोपली होती. आलियाने तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं, श्वास चालू होता.